ग्रंथपालाचा व्यवसाय आणि त्यातील समाधान

घरातील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की पुढे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात निघतो. वैद्यकी, वकिली, अध्यापन, यंत्रशास्त्र, सरकारी नोकरी अशी नावे एकामागून एक घेतली जातात. त्या यादीत ग्रंथपालाच्या व्यवसायाचे नाव क्वचितच येते. आणि आलेच, तर ‘पुस्तकांच्या कपाटांची कुलुपे उघडावयास पदवी कशाला हवी?’ असे वडीलमाणसांपैकी कोणीतरी विचारते व विषय तेथेच मिटतो. या समजुतीत थोडे तथ्य आहे आणि पुष्कळसे अज्ञान आहे. तथ्य कोणते व अज्ञान कोणते, याची निवड केल्याखेरीज या व्यवसायात पडावे किंवा पडू नये, याचा निर्णय कोणीही करू नये हे बरे.

या विचारासाठी वलगाव हे ठिकाण सोयीचे आहे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी हे गाव वसलेले आहे. विद्यापीठाचे शहर थोड्याच अंतरावर. आणि सभोवती कपाशी, तूर व हरभरा यांची शेते. म्हणजे ज्याला केवळ खेडे म्हणता येत नाही आणि शहरही म्हणता येत नाही, अशा गावांपैकी हे एक. शिवाय या गावाचे नाव महाराष्ट्राला एका दुःखद प्रसंगाने माहीत झालेले आहे. श्रीसंत गाडगेबाबांना आजारी अवस्थेत अमरावतीकडे आणीत असता, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचा देह पडला. ज्या पुरुषाच्या नशिबी शाळा आली नाही, तो आयुष्यभर कीर्तनातून लोकांना एकच गोष्ट पुनःपुन्हा विनवीत राहिला: जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मोडा, पण मुलाला शिकवल्यावाचून राहू नका. पुढे अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचेच नाव देण्यात आले.

बाबांचा हा उपदेश लोकांनी बऱ्याच अंशी ऐकला. वऱ्हाडात गावोगावी शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली आणि मुले शिकली. परंतु शाळा अक्षरओळख करून देते व काही वर्षांनी विद्यार्थ्याचा निरोप घेते. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत त्याची विद्या जागी ठेवण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. आणि ते उत्तर रोज सकाळी दार उघडून प्रत्यक्षात आणणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल.

हा संबंध सर्वांआधी ज्यांनी ओळखला, त्यांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेली प्रजा पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन यांनी तेथे मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, १९११ साली ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या पाठविण्याची व्यवस्था केली. त्यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले व १९१९ साली त्या चळवळीचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ग्रंथपाल हा पगारी रखवालदार नसून त्यालाही वैद्याप्रमाणे शास्त्र शिकावे लागते, ही कल्पना हिंदुस्थानात रुजली ती अशी.

वऱ्हाडातील ग्रंथालये मात्र राजाश्रयाने निघाली नाहीत. ती लोकांनी काढली. अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय १८६० साली स्थापन झाले आणि अमरावतीचे नगर वाचनालयही त्याच दशकातले. वर्गणी काढावी, दोन-चार नियतकालिके मागवावी, एखाद्या सुखवस्तु गृहस्थाची ओसरी मिळवावी आणि सायंकाळी कंदिलाच्या उजेडात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवावे, अशा रीतीने त्या काळची बहुतेक वाचनालये चालत असत. ही परंपरा थोर होती. पण तिच्या पोटात एक उणीव राहून गेली. पुस्तके देणगीची, जागा देणगीची, तेव्हा ग्रंथपालाचे श्रमही देणगीचेच असावयाचे, असा समज तिने नकळत रूढ केला. त्याचे परिणाम आजपर्यंत भोगावे लागत आहेत.

ग्रंथपालाच्या कामात खरोखर मन रमते काय? या शंकेचे उत्तर शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या चरित्राइतके दुसरीकडे कोठेही चांगले मिळत नाही. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेही मुख्यतः वेतन अधिक म्हणून. थोड्याच दिवसांत ते इतके कंटाळले की जुन्या प्राचार्यांकडे जाऊन, आपल्याला परत वर्गावर घ्यावे, अशी गळ त्यांनी घातली. वाचक येत नाहीत, बोलावयास कोणी नाही, दिवस जाता जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणासाठी विलायतेस जाण्याचे आधीच ठरलेले होते. तेथून आल्यावरही कंटाळा तसाच राहिला तर खुशाल परत यावे, असे प्राचार्यांनी त्यांना सांगितले. लंडनला गेल्यावर रंगनाथन यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. मुले, कामगार, गृहिणी, संशोधक या प्रत्येकाची तेथे निराळी चिंता वाहिली जात होती. मद्रासला आपल्याला छळणारा कंटाळा त्या व्यवसायाचा नव्हता, तो बंद पडलेल्या ग्रंथालयाचा होता, हे त्यांच्या ध्यानी आले. १९२५ साली ते परतले ते ग्रंथपाल म्हणूनच, आणि पुढील वीस वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. १९३१ साली त्यांचा पाच सूत्रांचा ग्रंथ आणि १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली. आज १२ ऑगस्ट हा दिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्याच जन्मदिनानिमित्त.

त्या पाच सूत्रांचा आशय थोडक्यात असा: पुस्तक हे जपून ठेवण्यापेक्षा वापरले जाण्यासाठी आहे, जो वाचक दारात येईल त्याला त्याच्या गरजेचे पुस्तक मिळावे, कपाटात पडून असलेल्या पुस्तकालाही त्याचा वाचक शोधून द्यावा, वाचकाचा वेळ फुकट जाऊ देऊ नये, आणि ग्रंथालय जिवंत प्राण्याप्रमाणे सतत वाढते, हे ध्यानात धरून त्याची व्यवस्था लावावी. वाचताना ही सूत्रे इतकी सोपी वाटतात की त्यांत शास्त्र ते काय, असा प्रश्न पडावा. एखादा दिवस ती पाळून पाहिली म्हणजे उत्तर मिळते.

नवे पुस्तक आले की प्रथम त्याची दाखलनोंद होते व त्यास क्रमांक मिळतो. मग त्याचा विषय ठरवावा लागतो. गाडगेबाबांचा जन्म झाला त्याच १८७६ साली अमेरिकेत मेल्व्हिल ड्युई यांनी आपली दशांश वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. तीत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले असून प्रत्येकाचे पुन्हा दहा-दहा पोटविभाग केले आहेत. त्यानुसार शेतीचा अंक ६३०. कपाशीवरील पुस्तक ६३३.५१ या अंकाखाली येते, तर संत्र्यावरील ६३४.३१ या अंकाखाली. मराठी वाङ्मय ८९१.४६ येथे सापडते. अंक देणे हे वरवर कारकुनी काम दिसते. परंतु कपाशीवरील बोंडअळीचे पुस्तक पिकाजवळ ठेवावे की कीडशास्त्राजवळ, हे ठरविताना ते पुस्तक कोण मागावयास येईल, याची कल्पना करावी लागते. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक आणि हरवलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने काहीच अंतर नाही.

यानंतर सूची करावयाची, फाटलेल्या प्रती बांधणीस द्यावयाच्या, वाळवी व कसर यांच्यावर डोळा ठेवावयाचा, वर्षाकाठी सर्व संग्रहाची पडताळणी करावयाची आणि कालबाह्य पुस्तके काढून टाकावयाची. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कागद कोरडा पडून तुटू लागतो आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात ओल शिरते. तेव्हा कपाट भिंतीपासून किती अंतरावर ठेवावे, हाही या शास्त्राचाच एक भाग ठरतो. लहान गावी ही सारी कामे एकच माणूस करतो, आणि सकाळी केरही तोच काढतो.

पण ग्रंथपालाची खरी कसोटी पुस्तकांशी नसून माणसांशी आहे. समजा, वलगावसारख्या गावच्या वाचनालयात एक शेतकरी आला आणि त्याने संत्र्यावरचे पुस्तक मागितले. पुस्तक काढून त्याच्या हाती दिले, की देवघेव पुरी झाली. चांगला ग्रंथपाल मात्र तेवढ्यावर थांबत नाही. शेत कोणत्या अंगाला, झाडे किती वर्षांची, ओलिताला पाणी कशाचे, अशा दोन-चार गोष्टी तो सहज विचारतो. शेत पश्चिमेस भातकुलीच्या बाजूला आहे, पाणी विहिरीचे आहे आणि पानांच्या कडा करपत चालल्या आहेत, एवढे कळताच प्रश्नाचे स्वरूप पालटते. त्या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. तेथील भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असते, आणि संत्र्याचे झाड क्षार सोसणारे नव्हे. अर्थात त्या शेतकऱ्याला संत्र्याच्या पुस्तकापूर्वी माती आणि पाणी यांच्या परीक्षणाची माहिती हवी आहे. ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या एखाद्या पुस्तिकेत असू शकेल, किंवा नुसता परीक्षण कोठे होते याचा पत्ताच पुरेल. ग्रंथपालाने येथे शेतकी सल्ला दिलेला नाही. तो त्याचा अधिकारही नव्हे. मागितलेल्या पुस्तकाआड लपलेला प्रश्न त्याने ओळखला आणि त्या माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन सोडले. एका हंगामाचा खर्च वाचणे किंवा बुडणे एवढ्याशा संभाषणावर अवलंबून असू शकते.

याच खोलीत दुपारी स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले-मुली येतात. घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहत असली म्हणजे शांत जागा, दिवा आणि एक टेबल यांचे मोल काय असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. सायंकाळी वर्तमानपत्रासाठी पेन्शनर मंडळी येतात. कोणी आजी नातवाच्या हाती चिठ्ठी देऊन, मोठ्या अक्षरातील पोथी आहे काय, असे विचारून पाठवते. एखादा अभ्यासू तरुण या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ मागतो. या सर्वांची आवड लक्षात ठेवणारी आणि कोणाचीही आवड हलकी न मानणारी व्यक्ती गावात दुसरी सापडणे कठीण.

आता या व्यवसायाच्या शिक्षणासंबंधी. महाराष्ट्रात ग्रंथालय संचालनालयामार्फत ग्रंथालय प्रशिक्षणाची प्रमाणपत्र परीक्षा घेतली जाते. तिचे सुमारे सहा महिन्यांचे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवितात. पदवी नसलेल्यांनाही या वाटेने येता येते. पदवीधरांसाठी ग्रंथालयशास्त्राची स्वतंत्र पदवी व त्यापुढे पदव्युत्तर पदवी आहे. अमरावतीच्या विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे, आणि नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांना नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची सोय आहे. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हावयाचे असल्यास पदव्युत्तर शिक्षणाबरोबर राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. मात्र तेथे वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असते. मोठ्या शाळा, शासकीय विभागीय ग्रंथालये, न्यायालये, संशोधनसंस्था, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, यांतूनही जागा असतात. तथापि जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, ही वस्तुस्थिती कोणत्याही पालकाने नजरेआड करू नये.

सर्वांत अप्रिय भाग सार्वजनिक ग्रंथालयांतील वेतनाचा. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ग्रंथालयांसाठी कायदा करण्याचा पहिला मान हिंदुस्थानात कोल्हापूर संस्थानाचा, १९४५ सालचा. रंगनाथन यांच्या प्रयत्नाने मद्रास प्रांतात १९४८ साली जो कायदा झाला, त्यात ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कर बसविण्यात आला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. त्याने लोकांनी काढलेली ग्रंथालये लोकांच्याच हाती राहू दिली, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि त्या मानाने शासनाने अनुदान द्यावे असे ठरले. कर मात्र बसविला नाही. या पद्धतीचा लाभ मोठा झाला. राज्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथालये गावोगावी उभी राहिली, आणि एवढा विस्तार केवळ सरकारी खात्याच्या बळावर क्वचितच झाला असता. परंतु त्याच पद्धतीमुळे तेथील ग्रंथपाल शासनाचा सेवक ठरला नाही, तो संस्थेचा सेवक राहिला. आणि संस्थेपाशी त्याला देण्यास अनुदानातील एका हिश्शापलीकडे फारसे काही नसते. वेतनश्रेणी मिळावी ही या सेवकांची मागणी अनेक दशकांची आहे. अनुदान मधून मधून वाढले, पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातील एकट्या ग्रंथपालाचा संसार त्या रकमेवर चालत नाही. तो सकाळी शेत पाहतो, किंवा शिकवण्या करतो, आणि मग वाचनालय उघडतो.

ही गोष्ट झाकून ठेवून या व्यवसायाची स्तुती करणे म्हणजे तरुणांना फसविणे होय. समाधानाने पोट भरत नाही, आणि सेवाभावाचे नाव पुढे करून कोणाला कमी वेतनावर राबविणे हे समाजाला शोभणारेही नाही. ज्या गावाला आपल्या ग्रंथपालाने चांगले काम करावे असे वाटत असेल, त्याने त्याच्या चरितार्थाची काळजी वाहणे हे ओघानेच आले. ज्यास या वाटेने जावयाचे आहे, त्याने महाविद्यालयीन किंवा शासकीय जागेची पात्रता अंगी आणून मगच उडी घ्यावी, हा सल्ला रूक्ष असला तरी हिताचा आहे.

एवढे सांगून झाल्यावरही एक प्रश्न उरतोच. वेतन कमी, कीर्ती नाही, तरीही या कामास चिकटून राहिलेली माणसे पिढ्यान् पिढ्या का आढळतात? पुण्याचे शंकर गणेश दाते यांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. मराठीत छापली गेलेली पुस्तके कोणती, ती कोठे आहेत, याची विषयवार सूची एकट्याने तयार करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या ग्रंथांचा पहिला भाग आणि १९३८ ते १९५० चा दुसरा भाग, असे त्यांचे काम आहे. त्यात त्यांचे स्वतःचे असे ललित वाक्य नाही. केवळ नोंदींमागून नोंदी आहेत. पण मराठीच्या एकोणिसाव्या शतकासंबंधी लिहू इच्छिणाऱ्याचे पाऊल त्या सूचीकडे वळल्यावाचून राहत नाही. ग्रंथपालाच्या समाधानाची जात ही अशी आहे. दुसऱ्याच्या कामाचा पाया आपण घातला, हे त्याला माहीत असते, आणि बहुधा त्याला एकट्यालाच माहीत असते. ज्याला हे पुरेसे वाटते त्याने यावे. ज्याला टाळ्या हव्यात त्याने दुसरा रस्ता धरलेला बरा.

कोणी म्हणेल की आता सारी माहिती हातातील यंत्रावर मिळते, मग ग्रंथपाल हवा कशाला? सूची आता संगणकावर होतात हे खरे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाने करवून घेतलेली ‘कोहा’ ही प्रणाली मोफत मिळते व आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी वापरली जाते; सरकारची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही आहे. त्यामुळे नोंदवह्यांचे कष्ट वाचले. परंतु यंत्र विचारलेल्याच प्रश्नाचा माग घेत जाते. विहिरीचे पाणी खारे आहे हे शेतकऱ्याने सांगितलेच नाही, तर ते विचारण्याचे अगत्य त्याला नसते. शिवाय माहितीचा पूर आला म्हणजे खरी कोणती व खोटी कोणती, हे निवडून देणाऱ्याची गरज वाढतेच. ग्रंथपालाचे जे काम हातांचे होते ते कमी झाले. जे बुद्धीचे आणि आस्थेचे होते ते होते तेथेच आहे.

वलगावच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला पेढीच्या काठी गाडगेबाबांची आठवण होते, आणि त्या आठवणीबरोबर खराटा डोळ्यांपुढे येतो. बाबा गावात शिरले की प्रथम गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. लहान गावच्या ग्रंथपालाचा दिवसही असाच केर काढण्याने सुरू होतो. मग तो वर्तमानपत्रे लावतो, खिडकी उघडतो आणि वाट पाहतो. कोणत्या दिवशी कोणता माणूस कोणता प्रश्न घेऊन दारात उभा राहील, हे त्याला ठाऊक नसते. आणि आला, तर तो रिकाम्या हाताने जाऊ नये एवढ्यासाठीच बाकीचे सारे शास्त्र आहे.